आमच्या घरचे घोडे

अमडापूरच्या बाजारातून येताना सुताराकडे कापलेल्या बाभळीचा वास आला आणि फार जुनी एक दुपार आठवली. जॅक घसरून जीप खाली आली होती; खाली दुरुस्ती करणारे आमचे हे थोडक्यात वाचले होते. "नुसत्या जॅकवर आता खाली जायचं नाही," मी बजावलं. मोडलेल्या बैलगाडीची बाभळीची लाकडं कापून, थर रचून, मी जीप टेकवायला चार घोडे ठोकले.

सासूबाई म्हणाल्या, "जीप हाये ना घरी, मंग घोडे काऊन बनवून राह्यली?"

घोड्यांवर टेकलेल्या जीपला मी खांद्यानं जोर लावला. ती तसूभर हलली नाही. "आता जा," मी म्हटलं. हे निमूट खाली गेले.

जीप कधीच विकली. पण गल्लीत कोणाची गाडी उचलायची असली, की ओट्यावर बसलेल्या ह्यांना ओलांडून लोक थेट मला म्हणतात, "काकू, तुमचे घोडे द्या ना!"