लेकीच्या शाळेतलं भाषण

वेल्डिंगचं काम करणाऱ्या त्या माणसाला गर्द सोडून अकरा वर्षं झाली होती, तरी गल्लीतले जुने लोक पाठीमागे त्याला गर्दुल्लाच म्हणायचे. तो कानाडोळा करी. दर वर्षी चार-पाच शाळांत जाऊन नशेपायी काय काय घालवलं ते तो मुलांना सांगे. आडपडदा ठेवत नसे, म्हणून मुलंही कान देऊन ऐकत.

त्या वर्षी बोलावणं आलं ते लेकीच्याच शाळेतून. ती नववीत होती.

"बाबा, तुम्ही नका ना येऊ."

"अगं, चांगलंच काम करतोय की मी. लाज कसली?"

बायको भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "शिलाई मशीन विकलंत तेवढं सांगा. बाकीचं नको."

तो बरं म्हणाला.

हॉलमध्ये दीडशे मुलं होती. बोलता बोलता तो शिलाई मशीन विकल्याच्या गोष्टीपर्यंत आला आणि थांबला. मागे खुसपुस सुरू झाली, एकाने तोंड वासून जांभई दिली. तशी त्याची जीभ सवयीने पुढे गेली. "मशीन देईना, म्हणून बायकोला इस्त्री फेकून मारली. भुवईवर पाच टाके पडले. लेक तीन वर्षांची होती, बघत होती."

जांभई देणारा मुलगा सरसावून बसला. तिसऱ्या रांगेत त्याची लेक बसली होती. आई जिन्यावरून पडली होती, एवढंच तिला आजवर माहीत होतं.

"दादा, जीव ओतलात आज," समुपदेशक बाई डोळे पुसत म्हणाल्या. तो लेकीला शोधत होता. ती केव्हाच निघून गेली होती.

घरी तिने आईची भुवई बोटाने चाचपून पाहिली. "मला खोटं का सांगितलंस?"

"तुला बाप हवा होता गं."

"पोरी, मी बदललोय," तो दारातूनच म्हणाला.

"ते शाळेत सांगा."

भांडण असं झालंच नाही. ती त्याला चहा देते, प्रगतिपुस्तकावर सही घेते. पण फोनवर गिऱ्हाइकाशी बोलताना त्याचा आवाज जरा चढला, की हातातलं टाकून उठते आणि आईच्या शेजारी जाऊन उभी राहते. तो आवाज खाली आणतो. ती तरी हलत नाही.

पुढच्या वर्षी बाईंचा पुन्हा फोन आला. त्या भाषणानंतर दोन मुलं आपणहून त्यांच्याकडे आली होती, ढसाढसा रडली होती. "याल ना?"

तो गेला. लेक त्या दिवशी घरीच राहिली.