झाडू खाली ठेवा

घड्याळवाल्याचं दुकान म्हणजे त्याच्याच घरातलं खिडकीजवळचं टेबल. बायको इस्पितळात नर्स. तिची दिवसपाळी असली की जुळी मुलं त्याच्या ताब्यात. मुलाला सगळे भुंगा म्हणत, कारण तो कधी गप्प नसे. मुलगी मुंगी. दिसेल ती वस्तू उचलायची आणि कुठेतरी नेऊन ठेवायची, हा तिचा उद्योग. चमचा बुटात सापडे, मोजा बादलीत. म्हणून घड्याळवाल्याने टेबलाच्या पायांखाली विटा लावल्या होत्या. उभ्याने काम करून त्याची पाठ मोडून येई, पण घड्याळं शाबूत राहत.

त्या दिवशी टेबलावर निवृत्त संगीतशिक्षिकेच्या वडिलांचं घड्याळ उघडलं होतं. संध्याकाळी ते घेऊन बाई आपल्या मुलाकडे कायमच्या राहायला निघणार होत्या. त्यातलं तिळाएवढं दातेरी चाक त्याने पुसून बाटलीच्या झाकणात ठेवलं होतं. तसं चाक आता कुठेच विकत मिळत नसे.

बेल वाजली. दारात सासूबाई.

"सहज आले," म्हणत त्यांनी पर्स भिंतीशी ठेवली, तोच स्वयंपाकघरात धडाड् आवाज झाला. दोघंही धावले. भुंग्याने पिठाचा डबा उलथला होता आणि त्या ढिगात बसून तो आनंदाने पीठ उधळत होता.

"जावईबापू, कितीदा सांगितलं, बाहेर गाळा घ्या. मुलं आणि घड्याळं एका छपराखाली नांदायची नाहीत," म्हणत सासूबाईंनी झाडू शोधला.

भुंग्याचं तोंड पुसून घड्याळवाला बाहेर आला, तर पीठ टेबलापर्यंत पसरलेलं, टेबलाला स्टूल लागलेलं, स्टुलावर मुंगीची पांढरी पावलं, आणि झाकण रिकामं. मागोमाग सासूबाईंनी झाडू टेकवला.

"झाडू खाली ठेवा!"

लग्न झाल्यापासून त्याने सासूबाईंपुढे आवाज चढवला नव्हता. भुंगासुद्धा गप्प झाला.

"मला म्हणालात?"

"तुम्हालाच, आई. चाक हरवलंय. झाडू फिरला की ते गेलंच समजा."

"मग मी काय पिठात बसू?"

"बसा."

आणि सासूबाई खरंच बसल्या, झाडू मांडीवर घेऊन. त्याने मुंगीचं तोंड उघडून पाहिलं. दात आणि भिजलेलं बिस्किट, बाकी काही नाही. मग टेबलाभोवतीचं पीठ चाळणीतून चाळलं. चाक नाही. भिंतीवरची सगळी घड्याळं टिकटिकत होती. बाईंना तोंड कसं दाखवायचं?

शेवटी तो डोळ्याला भिंग लावून जमिनीवर पालथा पडला. तेव्हा त्याला पावलं दिसली. भुंग्याची पावलं म्हणजे नुसता धुमाकूळ. पण मुंगीची? स्टुलापासून निघालेली, सरळ, कुठेही न रेंगाळता भिंतीपर्यंत.

"आई, तुमची पर्स बघू?"

"माझ्या पर्सला तुमचे सासरेही हात लावत नाहीत," म्हणत त्यांनीच ती उघडली. घडी घातलेला रुमाल, डबीतली औषधं, आणि त्या सगळ्यावर पीठ, चावलेला खडू, बाहुलीचा हात. रुमालाच्या घडीत चाक चमकत होतं.

"आजीला खाऊ," मुंगी म्हणाली.

सासूबाईंची हनुवटी थरथरली. आता काही खरं नाही, असं त्याला वाटलं. पण त्या हसतच सुटल्या, इतक्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"लहानपणी तुमची बायको तरी काय कमी होती? साबणाची वडी आजोबांच्या बुटात सापडली. तीही त्यांनी पाय घातल्यावर! घ्या तुमचं चाक. या दोन चोरांना मी धरते."

एकेका काखेत एकेक नातवंड दाबून त्या गाणी म्हणत राहिल्या, आणि तो चाक बसवत राहिला.

संध्याकाळी शिक्षिकाबाई आल्या. त्यांनी घड्याळ कानाशी धरलं, डोळे मिटले. "अगदी बाबांच्या मनगटावर वाजायचं तसं," त्या म्हणाल्या. मग पट्टा निरखून म्हणाल्या, "पण हे पांढरं कसलं हो?"

घड्याळवाला घाईघाईने फडकं शोधू लागला.

"पॉलिश," नाकावर पीठ घेऊन उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या. "भारीतलं आहे. सगळ्यांच्या घड्याळांना नाही लावत ते."

दार बंद झालं, तशी त्यांनी बाही वर सारली.

"आता झाडू देता का, जावईबापू?"