न केलेला त्याग

माझ्या माहेरी माझ्या नवऱ्याबद्दल एक वाक्य ठरून गेलेलं आहे. माणूस चांगला, पण बायकोला पुढं जाऊ दिलं नाही. हे वाक्य मी तयार केलेलं नाही. मी ते फक्त कधी खोडलं नाही, आणि इतकी वर्षं न खोडलेलं वाक्य शेवटी आपलंच होतं.

नवरा रेल्वेत, म्हणून लग्नानंतर सोलापूरहून चेन्नईला आले. तांबरमला बिऱ्हाड केलं. पुढं मलाही एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरी लागली. बाजारात येणाऱ्या घरगुती वस्तू तिथं तपासल्या जातात. कुकरमध्ये वाफ कोंडायची आणि झडप वेळेवर उडते का ते बघायचं, इस्त्री तासन्‌तास तापत ठेवायची, हेल्मेटवर वजन आपटायचं. हे काम मला आवडायचं आणि यायचंही. आमच्याकडं तपासणारे वेगळे, अहवालावर सही करणारे वेगळे. मी तपासणाऱ्यांतली. एखादा माल नापास झाला की कंपनीचे इंजिनियर भांडायला येत आणि सही करणाऱ्या साहेबांसमोर बसून विचारत, कशावरून म्हणता? मी काचेपलीकडून ते बघायची. इमारतीतल्या बायका विचारायच्या, "मामी, कुठला कुकर घेऊ?" मी म्हणायची, "सगळे चांगलेच असतात हो." रोज कुकर नापास करणारी मी!

बढती म्हणजे सही, आणि सहीबरोबर बदली. पहिल्यांदा ऑर्डर आली तेव्हा मुलगी दुसरीत होती. कोलकाता. जेवताना घरी सांगितलं. नवऱ्यानं वाटी खाली ठेवली, "अरे वा!" म्हणाला, आणि मग विचारलं, "हिच्या शाळेचं कसं करायचं?"

एवढंच. तो प्रश्न होता आणि त्याला खरंच उत्तर हवं होतं. दुसऱ्या दिवशी तो कोलकात्याच्या गाड्यांची चौकशीही करून आला. पण मला त्या प्रश्नात पळून जायला दार दिसलं. "कौटुंबिक कारणास्तव बढती स्वीकारता येत नाही," असं मी लिहून दिलं.

खरं कारण असं की मला जमणार नाही याची मला खात्री होती. काय जमणार नाही, हे विचारू नका. सगळंच. मला वाटायचं, मी इथवर आले ती कुणाच्या तरी नजरचुकीनं, आणि त्या टेबलापलीकडं बसले की पहिल्याच प्रश्नाला ते उघडं पडेल. मला लहानपणी कुणी हिणवलं नाही, मारलं नाही, धाकट्या भावाशी तोललं नाही. तसं काही घडलं असतं तर बोट ठेवायला जागा तरी मिळाली असती. कारण नसलेली भीती माणूस सांगणार कशी? त्यापेक्षा मुलीची शाळा सांगणं सोपं. पुढच्या वेळी तिची दहावी होती. त्याच्या पुढच्या वेळी सासूबाईंचं आजारपण. घरात काही ना काही असतंच.

शिवाय त्यात मिळकत होती. हळदीकुंकवाला, मराठी मंडळाच्या गणपतीत बायका म्हणायच्या, "हिनं घरासाठी एवढी मोठी बढती सोडली." मी खाली बघायची. खाली बघणं फार सोयीचं असतं, लोक त्याला विनय समजतात. हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं. आपल्याला काही येत नाही या भावनेवर मी त्यागाचं पांघरूण घातलं होतं, आणि ते उबदार होतं.

त्या पांघरुणाची किंमत नवरा देत होता. मुलगी चौदा वर्षांची असताना शाळेच्या सहलीला जाण्यावरून दोघांचं वाजलं. ती ओरडली, "तुम्ही आईलाही असंच अडवलंत! सगळ्यांना माहितीये!" त्यानं माझ्याकडं बघितलं. मी तव्यावरचा डोसा उलटत होते. उलटत राहिले. तो बाहेर गेला, आणि मुलगी सहलीला गेली. त्यानंतर तिला त्यानं कशालाच नाही म्हटलं नाही. ती मात्र त्याच्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

आता ती इथंच चेन्नईत, शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी इडली खाताना तिनं सहज सांगितलं की तिला पुण्यात एक टीम सांभाळायला बोलावलंय, आणि ती सोमवारी नाही म्हणून कळवणार आहे.

"का गं?"

"का काय? तुम्हा दोघांना टाकून जाऊ? आणि तू विचारतेस? माझ्या वेळी तू काय केलंस?" ती हसून माझ्या पाठीवर थोपटत म्हणाली, "फॅमिली फर्स्ट. तुझ्याकडूनच शिकले."

हा विषय निघाला की नवरा नेहमी करायचा तेच त्यानं केलं. कॉफीचा पेला घेऊन बाल्कनीत गेला.

खोटं कशाला लिहू, क्षणभर मला बरं वाटलं. लेक जवळ राहील, आणि माझ्या त्यागाला फळ येईल. मग तिचा चेहरा नीट दिसला. मी तिला कधी दिलंच नव्हतं ते कर्ज ती फेडायला बसली होती.

"मी तुझ्यासाठी नव्हतं सोडलं," मी म्हटलं.

"हं?"

"बढती. तुझ्यासाठी नव्हती सोडली. मला भीती वाटली होती."

"कसली भीती?"

"जमणार नाही याची."

ती खो खो हसली. "अय्यो आई! तू? तुमच्या लॅबमधली सगळी नवी पोरं तुझ्याकडं शिकायला येतात!"

"ते वेगळं. शिकवताना कुणी समोर बसून भांडत नाही."

मी हसत नाही हे बघून तीही थांबली. बराच वेळ सांबारात चमचा फिरवत राहिली. मग एकदम म्हणाली, "मग बाबा?"

मी तिच्या ताटलीत आणखी एक इडली वाढली.

"आई, मी बाबांशी इतकी वर्षं कशी वागलेय! तू बघत होतीस. तू तिथंच होतीस!"

"होते."

तेवढ्यात तो बाल्कनीच्या दारात आला. ऐकलं होतं त्यानं. पेला तसाच भरलेला.

"म्हणजे मी अडवलं नव्हतं तुला?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मी शाळेचं विचारलं होतं त्या दिवशी."

"नुसतं विचारलं होतंत."

"मला वाटायचं," तो म्हणाला, "माझ्या आवाजात काहीतरी आलं असेल."

पोरीनं तोंडावर हात ठेवला. मी धरून चालले होते की त्याला सत्य माहीत आहे आणि तो मोठ्या मनानं माझी लाज झाकतोय. त्याला माहीत नव्हतं. तो स्वतःला गुन्हेगार समजत होता.

संध्याकाळी मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. राग होताच, पण म्हणाली, "खरं सांगू? मलाही भीती वाटतेय. टीममधले दोघं माझ्याहून सिनियर आहेत. वर माझं हे तमिळ हेल काढलेलं मराठी, पुण्यात! खाऊन टाकतील मला."

"वाटू दे भीती," मी म्हटलं. "पण ती माझ्या नावावर घालू नकोस."

सोमवारी तिनं हो कळवलं.

माहेरचं ते वाक्य खोडायचं म्हणून मी बहिणीला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नवऱ्यानं सांगायला लावलं का गं तुला?" मी माझं काम इतकं चोख केलं होतं की आता माझ्या खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नव्हतं. पुन्हा फोन केला, मग पुन्हा. शेवटी ती वैतागून म्हणाली, "बरं बाई, तूच भित्री. झालं समाधान?" झालं.

नवरा मात्र काही दिवस माझ्याशी बोललाच नाही. मग गच्चीवर कपडे वाळत घालताना एकाएकी सुरू झाला. "किती वर्षं मी स्वतःवर पाळत ठेवली, ठाऊक आहे तुला? तुला काही विचारायच्या आधी आवाज तपासायचा, कपाळाला आठी नाही ना ते बघायचं. पोरीला तर काही विचारणंच सोडलं."

"चुकलं माझं."

"चुकलं म्हटल्यानं मिटत नाही."

"नाही मिटत," मी म्हटलं. उरलेले कपडे आम्ही दोघांनी मिळून वाळत घातले.

त्याग परत केल्यावर मी अगदीच लहान होईन असं मला वाटलं होतं. थोडी झालेही. पण पांघरूण गेल्यावर खालची बाई पहिल्यांदा नीट दिसली. ती भित्री होती. पण तिला कुकर कळत होता. इतकी वर्षं या दुसऱ्या गोष्टीकडं मी बघितलंच नव्हतं, कारण लोकांनी माझं कौतुक करावं ते सोडलेल्या गोष्टीसाठी, केलेल्या कामासाठी नव्हे, अशी व्यवस्था मीच लावून ठेवली होती.

बढतीचं वय आता सरलंय. पण परवा साहेब रजेवर गेले आणि एका इस्त्रीच्या कंपनीचे लोक भांडायला यायचे होते. "मॅडम, तुम्ही बसाल का?" असं विचारल्यावर माझ्या तोंडाशी दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची सबब तयार होती. मी हो म्हटलं. समोर दोन तरुण इंजिनियर. कशावरून म्हणता? मी सांगितलं कशावरून. आवाज कापत होता, त्यांनाही ऐकू आला असणार. मग एकानं वायरच्या आवरणाबद्दल असं काही विचारलं की ते मला खरोखर ठाऊक नव्हतं. तीस वर्षं मी ज्याला घाबरत होते तो हा क्षण. "मला माहीत नाही," मी म्हटलं, "तपासून उद्या कळवते." त्यानं मान हलवली आणि पुढच्या मुद्द्याकडं वळला.

त्याच संध्याकाळी मुलीचा पुण्याहून फोन आला. आता ती आधी बाबांशी बोलते. तिला दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांपुढं टीमचं काम मांडायचं होतं, आणि ती घाबरली होती. नवरा ऐकत होता, हं हं करत होता. मग माझ्याकडं बघून फोनमध्ये म्हणाला, "हे तुझ्या आईला विचार. घाबरण्यातली तज्ज्ञ आहे ती. दांडगा अनुभव."

टोचलं. टोचायला हवंच होतं. पण तो हसत होता, म्हणून मीही हसले आणि फोन घेतला.

"पहिलं वाक्य पाठ करून जा," मी म्हटलं. "पुढची येतात. नाही आली तर पाणी पी."

"आणि पाणी पिऊनही नाही आली तर?"

"तर सांगायचं, माहीत नाही, बघून सांगते. मी आजच सांगितलं."

"मग?"

"मग काय? त्यांनी चहा घेतला आणि गेले."