डाव्या बाहीतलं पाणी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या गुन्ह्यात कोण पंच होता, कुठला साक्षीदार ऐनवेळी फितूर झाला, हे सांगताना माझी गफलत होते. पण परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्याच्या अंगणात मी स्वतः एक पांढरा बनियन हळदीच्या पाण्यात बुडवून पिवळा केला होता, तो दिवस मात्र मला एकेका तासानिशी आठवतो. सगळं ठाणं माझ्याकडे बघत होतं. साहेबांना ऊन लागलं, असंच बहुतेकांना वाटलं असणार.

सुरुवात एका खबरीने झाली. पेडगावच्या पुढच्या शिवारातली एक मेंढपाळ बाई ठाण्यात आली. साठीच्या पुढची होती, पण आवाज खणखणीत. ठाणे अंमलदाराने बसायला सांगितलं तरी ती बसली नाही.

"साहेब, त्या पडक्या विहिरीचं पाणी शेंदून पाजलं न् माझी अकरा मेंढरं जागीच आडवी झाली. पाण्याला औषधाचा वास यायलाय. मागल्या हप्त्यात तिथं टेंपो उभा होता. मी माझ्या डोळ्यानं बघितलाय."

आमच्याकडे औषध म्हणजे फवारणीचं विष. टेंपोचा रंग आणि ताडपत्रीवरचं ठिगळ बाईने इतकं नेमकं सांगितलं की दोन दिवसांत आम्ही एका खत-औषधाच्या दुकानदारापर्यंत पोहोचलो. मुदत संपलेला आणि बंदी असलेला माल तपासणीच्या आधी त्याने विहिरीत ढकलला, असा आमचा संशय होता. खालच्या अंगाला गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर होती. ती आम्ही बंद करायला लावली आणि गावाला टँकर सुरू झाला.

दुकानदाराला चौकशीला बोलावलं. माझा एक अनुभव आहे. निर्दोष माणूस आधी विचारतो, काय झालं? हा मात्र बसल्या बसल्या म्हणाला, पुरावा काय आहे? चहा अगदी तळापर्यंत प्यायला, कप नीट बशीत ठेवला आणि हसून म्हणाला, "साहेब, खामखा आमचं नाव गोवायलेत. विहिरीत माझा माल हाय म्हणता, तर काढून दाखवा ना."

त्याला पक्कं ठाऊक होतं की काढणं अवघड आहे. पाणी सहा पुरुष खोल. उपसून टाकावं तर ते विष शेतात आणि ओढ्यात जाणार. गळ टाकून पाहिले, ते गाळात अडकले. माल पोत्यांत बांधून दगडासकट सोडलेला असावा. त्यात त्याने अटकपूर्व जामिनासाठी अर्ज केला होता आणि सुनावणी चार दिवसांवर आली होती.

जिल्ह्याला बचावकार्याच्या साहित्यात एकच ड्रायसूट आलेला होता. साध्या पाणबुड्याच्या पोशाखात अंग भिजतं, यात भिजत नाही. मानेला आणि मनगटाला घट्ट रबरी पट्टे, डोक्याला रबरी टोपी, हातांना रबरी मोजे, तोंडावर पूर्ण मुखवटा. आत थोडी हवा भरतात आणि जास्तीची हवा डाव्या दंडावरच्या एका व्हॉल्व्हमधून बाहेर जाते. हवा बाहेर जावी, पाणी आत येऊ नये, एवढंच त्या व्हॉल्व्हचं काम. विषारी पाण्यात उतरायचं तर दुसरा मार्ग नव्हता. तो वापरायचं प्रशिक्षण घेतलेला जिल्ह्यातला शिपाई नेमका माझ्याच ठाण्याचा होता. तिशीचा, जिंतूरकडच्या मेंढपाळ घरातला, बोलायला कमी.

पहिल्या दिवशी तो उतरला आणि दहा मिनिटांत दोर हलवून वर आला. सूट काढल्यावर म्हणाला, "साहेब, पाणी आत यायलंय. डावी बाही भिजली."

आम्ही त्याला टँकरच्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुतलं आणि सरकारी दवाखान्यात दाखवून आणलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या डाव्या हातावर बारीक पुरळ होतं.

माझा हवालदार जुना, कामाचा, पण जिभेला धार असलेला माणूस. तो म्हणाला, "साहेब, उन्हाचा पारा बघा. रबराच्या पिशवीत माणूस कोंबल्यावर घाम न्हाई येणार तर काय गुलाबपाणी येईल? अन् ते पुरळ म्हंजे घामोळं हाय. गडी भ्यालाय, दुसरं काय न्हाई."

खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. मी शिपायाला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "भीती वाटत असेल तर सरळ सांग. मी समजून घेईन."

त्याने मान वर केली. "भ्या असतं तर पयल्यांदाच उतरलो नसतो, साहेब. घाम सगळ्या अंगाला येतो. हे एकाच बाहीत लय हाय."

मी त्याला कामावर परत पाठवलं. वरिष्ठांचा फोन आला. शिपाई कुचराई करत असेल तर कसुरी अहवाल पाठवा, असं त्यांनी सांगितलं. अहवाल टाइप होऊन माझ्या टेबलावर आला. मी सही केली असती तर तो पथकातून गेला असता आणि भेकड म्हणून उरलेली नोकरी काढली असती. सही न करता त्याला उतरवलं असतं आणि त्याचं म्हणणं खरं निघालं असतं, तर अकरा मेंढ्यांना लोळवणारं पाणी त्याच्या अंगाला लागलं असतं. सूट मुंबईला दुरुस्तीला पाठवायचा तर पंधरा दिवस गेले असते. मग मी ठरवलं की याचा तपास करायचा, जसा कुठल्याही गुन्ह्याचा करतो तसा.

आधी सायकलवाल्याची रीत वापरली. सूटच्या माना-मनगटांची तोंडं बांधली, हवा भरली आणि साबणाचा फेस लावला. शिवणीवर काही नाही, चेनवर काही नाही. फक्त दंडावरच्या व्हॉल्व्हशी बुडबुडे आले.

"ते तर येणारच की," हवालदार म्हणाला. "हवा सोडायचं त्याचं कामच हाय."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि व्हॉल्व्हला सोडून दिलं. आता त्याची लाज वाटते. ज्याला घटनास्थळी असायचा हक्कच आहे, त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. दुकानातली चोरी चावी सांभाळणाऱ्यानेच केलेली मी कितीदा पकडली होती, तरी इथे तीच चूक केली.

दुपारी जेवताना मला माझी लाचलुचपत विभागातली वर्षं आठवली. सापळ्यातल्या नोटांना एक पावडर लावतात. लाच घेणाऱ्याचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. तो काहीही बोलला तरी त्याचे हात खोटं बोलू शकत नाहीत. मग पाण्यालाच सापळा का लावू नये? हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. घामाने ती लाल होत नाही.

बाजारातून हळद आणि चुना आणवला. लांब बाह्यांचा बनियन हळदीत बुडवून वाळवला. अंगणातल्या हौदात चुना कालवला. शिपायाने बनियन घातला, वरून सूट चढवला, मुखवटा लावला आणि खांदे बुडेपर्यंत हौदात बसला. मी त्याला मधूनमधून हात वर-खाली करायला आणि हवा सोडायला सांगितलं. वीस मिनिटं भर उन्हात आम्ही हौदाभोवती उभे होतो. हवालदार मिशीतल्या मिशीत हसत होता.

सूट निघाला. बनियन पाठीवर आणि छातीवर ओलाचिंब होता, पण पिवळाच. मानेला पिवळा, दोन्ही मनगटांना पिवळा. आणि डाव्या दंडापासून कोपरापर्यंत कुंकवासारखा लाल पट्टा उतरला होता.

हवालदाराने तो पट्टा बोटाने चाचपला आणि म्हणाला, "घाम बी हाय साहेब, पर पाणी बी हाय." त्याचंही अर्धं खरं होतं, हे मान्य करायला हवं.

मी टेबलावरचा कसुरी अहवाल सगळ्यांसमोर फाडला. शिपायाचा चेहरा तेव्हाही फारसा बदलला नाही, पण मला स्वतःला फार आनंद झाला.

प्रशिक्षण केंद्रातल्या शिक्षकाला फोन लावला आणि तो सांगेल तसा व्हॉल्व्ह उघडला. वरची टोपी फिरवून काढली. आत रुपयाएवढी पातळ रबरी चकती होती. हवा आली की ती उचलते, हवा थांबली की खाली बसते. भिंग घेऊन पाहिलं, तर चकतीच्या काठाखाली एक काळा, वळलेला केस आडवा पडला होता. त्याच्यामुळे चकती पुरती टेकत नव्हती, आणि तेवढ्या फटीतून पाणी झिरपत होतं.

चिमट्यात धरलेला केस शिपायाने पाहिला आणि त्याचा चेहरा पहिल्यांदाच पडला. "साहेब, ही मेंढीची लोकर हाय. माझ्याच घोंगडीची."

मुद्देमालाच्या खोलीत पत्र्याखाली सूट तापतो, रबर खराब होईल, म्हणून त्याने घरून नवी घोंगडी आणली होती. लोकर त्याच्या आईने कातलेली. सूट उलटा करून, पुसून, तो रोज त्यात गुंडाळून ठेवायचा. सुटलेली लोकर आत राहिली आणि बाहेर पडणाऱ्या हवेबरोबर व्हॉल्व्हपर्यंत गेली. निष्काळजी माणसाच्या हातून हे झालंच नसतं, त्याने सूट तसाच खोक्यात फेकला असता.

व्हॉल्व्ह स्वच्छ पाण्याने धुतला, मऊ कापडाने टिपला, चकती पुन्हा नीट बसवली. सूटच्या आतून सगळी लोकर वेचली. दुसरा बनियन हळदीत रंगवला आणि पुन्हा हौद. या वेळी बनियन वरपासून खालपर्यंत पिवळा निघाला. माझ्या नोकरीत एवढी पिवळी वस्तू मी कधी कौतुकाने पाहिली नसेल.

सुनावणीच्या आदल्या सकाळी पंच आणि कृषी खात्याच्या लोकांसमोर तो विहिरीत उतरला. दोर हवालदाराने स्वतःच्या हातात धरला, दुसऱ्या कुणाला दिला नाही. तीन फेऱ्यांत चार पोती वर आली. डब्यांवरचे बॅच क्रमांक शाबूत होते आणि दुकानाच्या खरेदीच्या बिलांशी ते तंतोतंत जुळले. पंचनामा झाला, नमुने रासायनिक तपासणीला गेले, जामीन नाकारला गेला. दुकानदाराला डबे दाखवले तेव्हा त्याने समोरच्या चहाला हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत त्याने टेंपोवाल्याचं नावही सांगितलं. मेंढपाळ बाई ठाण्यात येऊन हवालदारापासून शिपायापर्यंत सगळ्यांची दृष्ट काढून गेली.

या प्रकरणाचं पुढे बरंच कौतुक माझ्या वाट्याला आलं. साहेबांनी आपल्या माणसावर विश्वास ठेवला, असं लोक म्हणत. तसं नव्हतं. मी विश्वास ठेवला नव्हता, मी फक्त तपासलं. हाताखालच्या माणसाचं बोलणं पटत नसलं तरी ते निदान तपासायचं, एवढं मी तिथे शिकलो आणि निवृत्त होईपर्यंत पाळलं.

पोती वर आली त्या संध्याकाळी मी स्टेशन डायरीत नोंद लिहीत होतो. शिपायाने सूटमधल्या गळतीची माहिती वेळेवर आणि खरी दिली, चाचणीत ती सिद्ध झाली, व्हॉल्व्हमधला अडथळा काढला, असं लिहिलं. केस कुठून आला, ते मी मुद्दाम गाळलं. त्याच्या चांगल्या कामाला डाग कशाला लावायचा? तो समोर उभा राहून वाचत होता.

"साहेब, घोंगडीचं लिवलं न्हाई तुमी."

"त्याची गरज नाही," मी म्हणालो.

"हाय की. उद्या दुसरा कोणी सूट वापरंल. त्याला कसं कळावं?"

मी पेन उघडलं आणि लिहिलं. पस्तीस वर्षांत माझ्यासमोर शेकडो माणसांनी जबाब दिले, आणि प्रत्येकाने आपली चूक लपवायचाच प्रयत्न केला. स्वतःची चूक आग्रहाने नोंदवून घेणारा तो एकच भेटला, आणि तो माझ्या ठाण्याचा होता.