गुडघे टेकणारी बाई

"तू कर ना ती बाई. तुला मेकअपसुद्धा लागणार नाही."

गायत्री सगळ्यांसमोर म्हणाली. मराठीत म्हणाली, त्यामुळे डच लोकांना कळलं नाही. आम्हा चार मराठी बायकांना कळलं. दोघी हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनजवळच्या आमच्या गावात स्पॅनिश राजवटीतला एक मठ आहे. दर उन्हाळ्यात त्याच्या अंगणात तो काळ उभा करतात. भाले, घोडे, सरदार, पाद्री. शेवटी दूरदेशची एक काळी बाई गुडघे टेकते. सरदारीण भांडं धरते. पाद्री बाईच्या डोक्यावर पाणी ओततो आणि तिला नवं नाव देतो. लोक टाळ्या वाजवतात.

ती बाई मी. सरदारीण गायत्री.

तिचा मखमली झगा मी शिवला. आईचं शिवणकाम बघत वाढले, हात बसलेला. गायत्रीचं नि माझं माप एकच, म्हणून फिटिंगही माझ्याच अंगावर. आरशात बघायचं, उतरवायचं, तिच्या हातात द्यायचं. मला गोणपाट.

जळले मी. सरळ सांगते. नुसत्या झग्यावर नाही. ती कुठेही खुर्ची ओढून बसते, कुणाला विचारत नाही, त्यावर जळले. ऑफिसात मी तिच्यापेक्षा दोन पायऱ्या वर. तरी पहिल्याच भेटीत तिने मला खोदून विचारलं होतं, "नगरकडच्या ना? मग मूळचं आडनाव काय?" मी सांगितलं. "हं," म्हणाली आणि चहा ओतायला उठली. तिला असं कुणी कधी विचारलं असेल?

तीन वर्षं गुडघे टेकले. या वर्षी तालमीत धीर केला. समितीच्या आन्सबाईंना डचमध्ये विचारलं, "सरदारीण मी होऊ शकते का?"

बाईंना नवल वाटलं. "भूमिकांची यादी मठाच्या दारावरच असते. ज्याला जे हवं, त्याने तिथे आपलं नाव लिहायचं. पण गायत्री म्हणाली, तुला हेच आवडतं. तुमच्या लोकांना सवय आहे म्हणाली."

तुमच्या लोकांना. आन्सबाईंना त्याचा अर्थसुद्धा माहीत नव्हता. मला माहीत होता. घरी येऊन मी भांडी घासत राहिले, घासलेलीच पुन्हा घासली.

यादी तोवर भरली होती. प्रयोगाला मी गोणपाटातच गेले. अंगण माणसांनी भरलेलं. पाद्री झालेल्या बेकरीवाल्याने सुरई उचलली. मी उभीच.

गायत्री दात आवळून म्हणाली, "अगं, बस ना खाली. लोक बघतायत."

"बघू देत."

बेकरीवाल्याने सुरई तशीच उचलून धरली होती. मी त्याच्या हातातली सुरई घेतली, जमिनीवर ठेवली आणि माझं खरं नाव मोठ्याने सांगितलं. माझ्या आजोबांनी धम्म घेतला तो स्वतः निवडून. कुणाच्या पायाशी बसून नाही. त्यांची नात इथे येऊन वाकत होती, तीन वर्षं, हसत हसत. टाळ्या वाजल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी गायत्रीचा मेसेज. "एवढं काय? नाटकच होतं."

पुढच्या उन्हाळ्यात यादी लागेल. सरदारणीपुढे मी माझं नाव लिहिणार. मखमल मला हवी आहे, मी शिवलेली आहे, अजून जळते मी त्यासाठी. आणि गुडघे टेकणाऱ्या बाईची ओळ खोडणार. कुणी पुन्हा लिहिली, तर पुन्हा खोडणार.