न विचारता समोर येणारी खिडकी

साल दोन हजार तेवीस. मी सत्तर वर्षांचा, ती असेल चाळिशीची. आमच्या ट्रक तोलायच्या धरमकाट्याच्या केबिनमध्ये पहिल्यांदा आली तेव्हा नमस्काराच्या आधी तिनं माझ्या चष्म्याच्या घरावरची तंबाखूची डबी उचलून बाजूला ठेवली. मग पावतीवरचा पेन. एका वस्तूवर दुसरी पडलेली तिला खपतच नसे. म्हणाली, "काका, समोर कोण आहे ते दिसलं पाहिजे." मी डबी परत होती तिथंच ठेवली. टेबल माझं होतं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. बसली तरी त्यांचा एक पाय निघालेलाच असतो. ती कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची. पडद्यावर ज्या चौकटी उघडतात त्यांना ती खिडक्या म्हणे. कोणती दाखवायची, कोणती लपवायची, कुठं सरकवायची, कोणती सगळ्यांच्या समोर आणायची, प्रत्येकाचा वेगळा हुकूम. ते हुकूम ती लिहायची. आमच्या काट्याचा प्रोग्रामही तिचाच.

"दिवसभर हेच?" मी विचारलं.

"दिवसभर हेच. अन् तरी ऐकत नाहीत मेल्या."

माझं शिक्षण चौथी. पण तीस वर्षं काट्यावर काढली आणि माझ्या वजनाकडे कोणी बोट दाखवलं नाही. वही गेली, कॉम्प्युटर आला, तोही मी शिकलो. नरखेडकडून संत्र्यांचे ट्रक येत. मी गाडीचा नंबर टाकायचा, वजन आपोआप येणार, बटण दाबलं की पावती. सोपं काम. आणि तरी मधूनच पावती चुकायला लागली. ट्रक तोंडापर्यंत भरलेला आणि पावतीवर वजन बकरीएवढं. रोज चुकलं असतं तर कारण सापडलं असतं. आठवड्यातून एकदा चुकायचं.

ड्रायव्हर हसत. "बाबाजी, संत्र्यात हवा भरली का गा?"

मालक हसला नाही. म्हणाला, "आता अजून एक चुकली तं तू घरीच बस."

तिनं फोनवर विचारलं, "काका, नंबर टाकतांना पडद्याकडे पाहता ना?"

"मंग का आभाळाकडे पाहतो?"

खोटं बोललो. एका बोटानं आकडा शोधत टाकतो मी, नजर सगळी बटणांवर. पण हे तिला कसं सांगायचं? तिनं तीनदा विचारलं, मी तीनदा तेच सांगितलं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ती भलतीकडेच शोधत राहिली. वायर बदलली. काट्याचं मशीन उघडायला लावलं. स्वतःचं लिहिलेलं सगळं परत वाचून काढलं. चार महिने असे गेले. शहरातून, सक्करदऱ्याहून स्कूटीवर यायची आणि केबिनमध्ये येरझारा घालायची. सहा पावलं तिकडं, सहा इकडं. "त्या वेळी समोर कोण होतं? सांगा ना काका, समोर कोण होतं?" मी बाहेर ट्रककडे पाहायचो.

एका दुपारी तिनं काही विचारलं नाही. नुसत्याच माझ्या मागं येरझारा घालत राहिली. ट्रक काट्यावर चढला. मी नंबर टाकू लागलो. दोन आकडे झाले आणि मागची पावलं थांबली. इतकी शांतता झाली की मी मान वर केली.

ट्रक स्थिर झाला तशी वजनाची खिडकी आपल्या मनानं समोर आली होती. समोर आली की बटणंही तिच्याच ताब्यात. माझे उरलेले दोन आकडे नंबरात न जाता वजनाच्या चौकोनात, खऱ्या वजनाच्या जागी पडले होते. माझा नंबर टाकून होईपर्यंत ट्रक डुलत राहिला तर पावती बरोबर, लवकर थांबला तर चूक. पडद्याकडे पाहणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसायला घेतला.

तिनं खुर्ची ओढली आणि हुकूम बदलला. आता खिडकी कोपऱ्यात दिसेल, पण मी बोलावल्याशिवाय बटणांना हात लावणार नाही. "अर्ध्या तासाचं काम होतं," पुटपुटली.

मालक आला. "चूक कोणाची निघाली?"

"माझी," ती म्हणाली. "खिडकीनं न विचारता समोर यायलेच नको होतं."

"मी चार महिने या म्हाताऱ्यावर ओरडून राहिलो, अन् चूक तुमची?" त्यानं तिथंच तिच्या साहेबाला फोन लावला. दुसरा माणूस पाठवा म्हणाला. मी शेजारी उभा होतो. तोंड उघडलं नाही.

जाताना तिनं तंबाखूची डबी बाजूला सरकवली. "काका, आता पडद्याकडे नाही पाहिलं तरी चालते."

ती परत काट्यावर आली नाही. आता एक माणूस येतो, बसला की हलत नाही. प्रोग्राम अजून तिचाच चालतो.

ती गेली त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी काटा उघडायच्या आधी मालकाच्या घरी गेलो. तो म्हणाला, "बस, चहा घे." मी बसलो नाही. "मी पडद्याकडे पाहत नव्हतो. तिले तीनदा खोटं सांगतलं. तिच्या साहेबाले फोन लावा, मी बोलतो."

"जाऊ दे ना गा, झालं ते."

"लावा."

त्यानं लावला. पलीकडून हॅलो आलं. मी आधी माझं पूर्ण नाव सांगितलं.