शकीलाभाभींचा अपूर्ण पाठ

भाभी गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. घोरावाडी स्टेशनजवळच्या आमच्या बालवाडीत मुलं डबे खायला बसली होती. फोनवर सलीमभाईंचं नाव दिसलं आणि मी तो उचललाच नाही. भाभींच्या हृदयाची झडप नुकतीच बदलली होती, त्या अजून शुद्धीवर यायच्या होत्या, आणि त्यांचे पती सलीमभाई एरवी मला कधी फोन करत नसत... वाजणं थांबलं. मी एकाच्या डब्याचं झाकण उघडून दिलं, दुसरीचं तोंड पुसलं. फोन पुन्हा वाजला. "वैशालीताई," एवढंच ते म्हणाले. मागं कुणीतरी रडत होतं. "येते मी," म्हणून मी फोन ठेवला आणि का कोण जाणे, मुलं मोजायला लागले. सगळी होती. तरी पुन्हा मोजली.

शकीलाभाभी मळवलीच्या. सलीमभाई तिथल्या एका बंगल्याची देखभाल करतात, आणि भाभी गावातल्या बालवाडीत मदतनीस होत्या. बंगल्यांवर धुणीभांडी करणाऱ्या, बागेत राबणाऱ्या बायांची मुलं तिथं यायची. एक छोटी संस्था ती चालवायची. तिथल्या शिक्षिका लग्न होऊन दूर गेल्या आणि संस्थेनं स्पष्ट सांगितलं, पदविका असलेली बाई मिळाली नाही तर वर्ग बंद. मग त्याच बायांनी भाभींना धरलं, की तुमीच शिका. माझी-त्यांची ओळख झाली ती लोणावळ्याला शनिवार-रविवारी भरणाऱ्या बालशिक्षण पदविकेच्या वर्गात. मी तिशीची, त्या चाळिशी ओलांडलेल्या. पहिल्या दिवशी शेजारी बसल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "धाव्वीनंतर वही हातात धरली न्हाई बघ. हितनं उठून जाता येतं का मधीच?"

भाभी भित्र्या होत्या. हे मी कमीपणा म्हणून लिहीत नाही. स्टेशनच्या पुलावर खालून एक्स्प्रेस गेली की त्या कठडा धरून उभ्या राहायच्या. मॅडमनी प्रश्न विचारला की मान खाली. पहिल्या पेपरला तळहाताला इतका घाम सुटला की उत्तरपत्रिकेचा कोपरा ओला होऊन फाटला. परतीच्या लोकलची वाट बघत आम्ही लोणावळ्याच्या फलाटावर बसायचो, तेव्हा त्या मला एकेक भीती सांगायच्या. नापास झाले तर? वर्ग बंद पडला तर पोरं कुठं जातील? बायका त्यांना कामावर नेतील, आणि बंगल्यांवर तर सगळीकडं ते उघडे स्विमिंग पूल... "आपण नको त्या गोष्टी मनात आणतो," मी म्हणायचे. त्या मान हलवायच्या. मनातून मात्र काहीच जायचं नाही त्यांच्या.

शेवटचा पाठ प्रत्येकीनं आपापल्या बालवाडीत, बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर घ्यायचा होता. भाभींचा पाठ आला ऐन जुलैत. आम्ही एकमेकींच्या पाठांचं निरीक्षण करायचं असा नियम होता, म्हणून मीही मळवलीला गेले होते. बाहेर धुकं असं उतरलं होतं की समोरचं फाटक दिसत नव्हतं. पुण्याहून आलेल्या परीक्षक बाई भिंतीशी खुर्चीवर बसल्या. भाभींनी भाताचे दाणे, हरभरे, चिंचोके एकत्र करून ताटांत ओतले आणि मुलांना निवडायला बसवलं. आवाज थरथरत होता, पण मुलं रमली तशा त्याही सावरल्या. मला वाटलं, निभावलं. आणि मधेच त्या थांबल्या. एका ताटासमोरची जागा रिकामी होती. चिंचोके तसेच पडलेले. "ओवी कुटं गेली?" त्यांनी विचारलं. ओवी साडेतीन वर्षांची, सुनीताची मुलगी. मुलांनी एकमेकांकडं पाहिलं. दार नुसतं लोटलेलं होतं. ते कुणी उघडं टाकलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

भाभींनी परीक्षक बाईंकडं एकदा पाहिलं, बस्स. "पोरांजवळ थांबा," असं मदतीला आलेल्या आजींना म्हणाल्या आणि पदर खोचून बाहेर धावल्या. मीही, परीक्षक बाईही. आम्ही हाका मारत होतो आणि धुक्यात आमचाच आवाज गुदमरल्यासारखा वाटत होता. तेवढ्यात मागून रुळांवरून गाडी गेली, आणि आम्ही तिघी जागच्या जागी थिजलो. गाडी न थांबता निघून गेली. मग भाभी वळल्या त्या थेट शेजारच्या बंगल्याकडं. त्याचं फाटक उघडं होतं आणि आत स्विमिंग पूल होता. पावसाच्या सरींनी पाणी असं खवळलेलं, की तळ दिसत नव्हता. मी काठावरून वाकून बघत होते, आणि पायऱ्यांवरून भाभी पाण्यात उतरताना दिसल्या. कमरेपर्यंत, छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत. त्यांना पोहता येत नव्हतं. एका हातानं कडेचा पाइप धरून त्या पायानं तळ चाचपत पुढं सरकत होत्या. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. पायाला काहीतरी लागेल आणि लागू नये, या दोन्हींच्या मधे तो अडकलेला होता. मी ओरडले, "भाभी, बाहेर या!" त्यांनी ऐकलं नाही. सगळा तळ पायाखालून गेल्यावरच त्या वर आल्या, आणि पुढच्या बंगल्याकडं निघाल्या.

तिथल्या स्विमिंग पूलवर कापड ताणलेलं होतं. त्या कापडाचीही कड उचलून त्यांनी आत पाहिलं. तोवर कुणीतरी सुनीताला निरोप दिला होता. ती त्या दिवशी भांड्यांना सुट्टी टाकून भाताच्या लावणीला गेली होती. चिखलानं भरलेल्या पायांनी धावत आली. नखशिखान्त भिजलेल्या भाभी तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "सुनीता, माझ्याकडनं ओवी..." सुनीता त्यांच्याकडं बघत राहिली. मला वाटलं ही आता कोसळेल, नाहीतर अंगावर धावेल. ती म्हणाली, "मी रोज भांड्याला जाते तितं बघितलं का?"

तिथं कुणीच बघितलं नव्हतं. तो बंगला ओढ्यापलीकडं, चढावर. ओढ्यावरच्या साकवाला पाणी लागायला आलं होतं. पुढं सुनीता, मागं भाभी, त्यांच्या मागं आम्ही. बंगल्याच्या मागच्या अंगाला, स्वयंपाकघराच्या बंद दारासमोरच्या पायरीवर ओवी बसली होती. भिजलेली, पण धड. आईला बघून म्हणाली, "आई, तू हितं न्हाईस." तिनं आईची वाट तिच्यापरीनं पाठ केली होती... सुनीतानं तिला उचललं. भाभी तिथंच चिखलात बसल्या आणि त्यांचे दात एकमेकांवर आपटायला लागले. परीक्षक बाईंची एक चप्पल कुठंतरी रुतून राहिली होती. त्यांनी आपली शाल भाभींच्या अंगावर टाकली. निघताना मात्र म्हणाल्या, "मला वाईट वाटतंय, पण पाठ अपूर्ण राहिला असंच लिहावं लागेल. पुढच्या सत्रात पुन्हा घ्या." त्यांचंही चूक नव्हतं.

भाभींनी पाठ पुन्हा घ्यायचाच नाही असं ठरवलं होतं. वर्गाला कुलूप लावून किल्ली त्यांनी संस्थेला परत पाठवायला काढली. पुढच्या शनिवारी त्या लोकलला चढल्या नाहीत म्हणून मी लोणावळ्याहून परतताना मळवलीला उतरले. घरात त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. "पाठ गेला त्याचं न्हाई गं," त्या म्हणाल्या, "माझ्या पायाला काय लागलं असतं तर? मी रातंदिस तेच चाचपते." मी उठून चहा ठेवला. तेवढ्यात दारात सुनीता आली, कडेवर ओवी.

"भाभी, सोमवारपास्नं मला कामाला जायचंय. हिला कुटं ठेवू?"

"माझ्याकडं नको. मला भ्या वाटतं."

"मलाबी वाटतं," सुनीता म्हणाली. "म्हणूनच तुमच्याकडं ठेवते. जिला भ्या वाटत न्हाई तिच्याकडं कशाला ठेवू? तुमाला पवता येत न्हाई, तरी तुमी उतरला पाण्यात." आणि तिनं ओवीला खाली सोडलं. ओवी जराशी उभी राहिली, मग जाऊन भाभींच्या मांडीवर बसली. भाभींनी तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं, इतकं घट्ट की ती किरकिरली.

सोमवारी वर्ग उघडला. त्यांनी पाठ पुन्हा घेतला तो थंडीत. या वेळचे परीक्षक एक अबोल सर होते. भाभींनी विषय घेतला होता 'माझी आई आत्ता कुठं आहे'. एकेक मूल उठून सांगत होतं, आई शेतात, आई बंगल्यावर, आई कामशेतच्या बाजारात. हे त्या रोज सकाळी आयांना विचारून ठेवत आणि मुलांना सांगत, हे मला तेव्हा कळलं. मधेच दोनदा खडू मोडला. तरी पाठ पूर्ण झाला, भाभी पास झाल्या, आणि संस्थेनं त्यांना शिक्षिका म्हणून नेमलं. त्यांनी मला फोन करून विचारलं, "आता तरी भ्या जाईल का गं?" आणि स्वतःच हसल्या.

पुढच्याच वर्षी चढ चढताना त्यांना धाप लागायला लागली. लहानपणी सांधे धरून ताप यायचा, त्यातच कधीतरी हृदयाची झडप खराब झाली होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी दवाखान्यात गेले. त्यांचा हात थंड पडला होता. मी विचारलं, "भीती वाटतेय?" म्हणाल्या, "लय." मग म्हणाल्या, "पण पाण्यात उतरले तवा वाटली तेवढी न्हाई. हे माझं मरण हाय. ते दुसरीच्या लेकराचं व्हतं..." मी त्यांना गप्प केलं. असं बोलू नका म्हणाले. आम्हा दोघींचं तेच शेवटचं बोलणं.

भाभींच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मळवलीला गेले होते. जेवणं झाल्यावर पाय आपोआप बालवाडीकडं वळले. भाभी शिक्षिका झाल्यापासून त्या वर्गात माझं जाणं झालं नव्हतं. नवीन बाई अजून मिळालेल्या नाहीत. संस्थेनं तोवर सुनीताला मुलं सांभाळायला बसवलं आहे. मी दार ढकललं आणि वरून खणखणीत आवाज झाला. दाराच्या चौकटीला बकरीच्या गळ्यातली पितळी घंटी बांधली होती, दार जराही हललं की वाजेल अशी. सुतळीची गाठ भाभींची, असं सुनीतानं नंतर सांगितलं. रोज सकाळी त्या ती ओढून बघायच्या म्हणे. घंटी वाजली तशा सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. सुनीता काहीतरी वाढत होती, तिचा हात हवेतच राहिला. तिनं आधी माझ्याकडं पाहिलंच नाही. तिची नजर मुलांवरून फिरली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मग माझ्यावर आली. "या ना ताई," ती म्हणाली. मी आत आले आणि मागं दार लावून घेतलं. घंटी पुन्हा वाजली, आणि तिनं पुन्हा पाहिलं.